हेल्मेटच्या आत गायक हरवला की फॅन बिथरतात: स्पेसवाल्या रॉक व्हिडिओच्या कमेंट कशा वाचायच्या

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही लिंक लागेल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चार पोट्ट्यांचा रॉक बँड आहे, मराठीत गातात, मधे मधे आपली झाडीबोली पण येते. त्यांनी नवीन गाण्याचा व्हिडिओ टाकला, त्यात त्यांचा गायक अंतराळवीर होऊन पाणी आटलेल्या एका ग्रहावर उतरते, तिथे त्याला बंद पडलेली एक रोबोट बाई भेटते, आकाशात दोन सूर्य आहेत, शेवटी तो हेल्मेटची काच वर करून शेवटचं धृपद गाते. फॅनच्या कमेंट एकदम दोन्ही टोकाच्या आल्या. कोणी लिहिलं "आग लावली भाऊ", कोणी लिहिलं "गाणं खतरनाक पण व्हिडिओ समजलाच नाही", कोणी "हॉलिवूडची कॉपी", कोणी "विदर्भात हे स्पेस-बिस कायले", आणि जुने फॅन लिहून राहिले की आधी साधं गिटार घेऊन गात होते तेच बरं होतं. आता पोट्टे विचारून राहिले की व्हिडिओ काढून टाकायचा का, कापून परत टाकायचा का, पुढच्या गाण्यात हा विषयच सोडून द्यायचा का.

मी वडसा भागात झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांना लाइट आणि ट्रिकसीन करत करत या धंद्यात आलो, आता बऱ्याच वर्षांपासून गाण्यांचे व्हिडिओ शूट करतो, एडिट करतो, व्हीएफएक्सचं, म्हणजे दृश्यात नंतर टाकायच्या इफेक्टचं काम पण माझ्या कॉम्प्युटरवर जेवढं होते तेवढं करतो. तुमचा व्हिडिओ फोनवर पाहिला, मग टीव्हीवर पाहिला, मग कमेंट वरपासून खालपर्यंत वाचल्या, तुम्ही पाठवलेला ग्राफचा स्क्रीनशॉट पण पाहिला.

सरळ उत्तर: काढू नका. प्रायव्हेट पण करू नका. आणि स्पेस सोडायचं तर मनातही आणू नका. तुमच्या फॅनचा राग स्पेसवर नाहीच आहे, त्यांना त्यांचा गायक दिसला नाही यावर राग आहे, आणि हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता येऊन नाही राहिलं म्हणून ते कधी स्टोरीला बोलतात, कधी ग्राफिक्सला बोलतात, कधी ॲक्टिंगला बोलतात.

"व्हिडिओ समजला नाही", "भाऊ आधीसारखा वाटला नाही" आणि "ॲक्टिंग कमी पडली" असे तीन प्रकारचे लोक तुमच्या कमेंटमध्ये आहेत, वरून पाहिलं तर तीन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण तिघंही एकाच जागी अडकलेत. पहिलं कडवं, दुसरं कडवं, मधलं गिटार, सगळीकडे भाऊच्या, म्हणजे तुमच्या गायकाच्या, तोंडासमोर काच आहे, काचेवर आकाशाचं रिफ्लेक्शन मारलंय, आत काळोख, ओठ दिसत नाहीत, डोळे दिसत नाहीत. आवाज येऊन राहिला पण गाऊन कोण राहिलं ते कळत नाही. रॉक ऐकणारा माणूस वरचा सूर ओढताना गळ्याची शीर कशी फुगते, डोळे कसे मिटतात, घाम कसा निथळते ते पाहायला येते, आणि तुम्ही नेमकं तेच झाकून ठेवलं. काच वर होते तो शॉट दोन मिनिटं अकरा सेकंदाला आहे, आणि तुमच्या रिटेन्शनच्या, म्हणजे लोक व्हिडिओ कुठपर्यंत पाहतात त्या, ग्राफमध्ये पहा, बरोबर तिथेच रेघ वर उचलली आहे. उतरत्या ग्राफमध्ये रेघ मधेच वर गेली म्हणजे लोक मागे घेऊन तोच तुकडा परत पाहून राहिले नाहीतर पुढचं सोडून उडी मारून तिथे येऊन राहिले. स्पेसचा कंटाळा असता तर लोक तिथपर्यंत आलेच नसते. ते वाट पाहत होते की आपला माणूस कधी दिसते.

आता जगातलं एक उदाहरण घ्या. इंग्लंडचा रॉक गायक डेव्हिड बोवी याचं "स्पेस ऑडिटी" ११ जुलै १९६९ ला आलं, अपोलो ११ चा माणूस चंद्रावर उतरायच्या नऊ दिवस आधी. त्यात मेजर टॉम नावाचा अंतराळवीर यानातून बाहेर पडते आणि त्याचा जमिनीशी संपर्क तुटते. हेच गाणं २०१३ च्या मे महिन्यात कॅनडाचा अंतराळवीर क्रिस हॅडफिल्ड याने खऱ्याखुऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गिटार हातात घेऊन म्हटलं आणि व्हिडिओ टाकला. त्या व्हिडिओत हेल्मेट नाही, लेझर नाही, राक्षस नाही. साध्या कपड्यातला मिशीवाला माणूस तरंगून राहिला, खिडकीच्या बाहेर पृथ्वी फिरून राहिली, आणि तो गाऊन राहिला. शब्द पण त्याने थोडे बदलून घेतले, त्याच्या गाण्यात अंतराळवीर घरी परत येते. जगभरच्या फॅननी तो व्हिडिओ डोक्यावर घेतला. खरंच अंतराळात असलेल्या माणसाने गाताना तोंड उघडं ठेवलं, हे तुमच्या गायकाने आणि कॅमेऱ्यावाल्याने दोघांनीही लक्षात ठेवावं असं आहे.

कोणी म्हणेल की मग चेहरा झाकायचाच नाही का. झाकायचा, पण झाकल्याचा हिशोब लावायचा. बोवीचंच उदाहरण परत देतो. त्याचा "ब्लॅकस्टार"चा व्हिडिओ नोव्हेंबर २०१५ मध्ये आला, दहा मिनिटांचा, योहान रेंक या दिग्दर्शकाने केलेला. त्यात एक मेलेला अंतराळवीर पडलेला आहे, एक बाई येऊन त्याच्या हेल्मेटची काच उघडते आणि आत हिरे-माणकं जडवलेली कवटी निघते. पण बोवी स्वतः त्या सूटमध्ये नाही! तो वेगळा उभा राहून गाते, डोळ्यावर पट्टी, पट्टीवर डोळ्यांच्या जागी बटणं, आणि तोंड पूर्ण उघडं, प्रत्येक शब्द ओठावर दिसते. म्हणजे हेल्मेट स्टोरीला दिलं आणि चेहरा गाण्याला दिला. १० जानेवारी २०१६ ला बोवी गेला, अल्बम येऊन दोनच दिवस झाले होते, आणि फॅन परत त्या व्हिडिओकडे गेले आणि त्यात त्याच्या मरणाच्या खुणा शोधू लागले, कवटी कोणाची, अंतराळवीर म्हणजे जुना मेजर टॉम का, पट्टी काहून बांधली. त्याने बसून कोणाला अर्थ सांगितलेला नव्हता, त्यामुळे फॅनना शोधायला जागा राहिली.

तुमच्याकडे परत येतो. हेल्मेटची कामं करून करून मला जे हाती लागलं ते सांगतो, पुढच्या वेळी कामी पडेल. क्लोजअपला काच लावूच नका. काच काढून शूट करा आणि एडिटमध्ये तिची हलकी चमक वरून टाका, कारण खऱ्या काचेत एक तर तुमचा कॅमेरा आणि लाइटची छत्री धरून उभा असलेला पोट्टा दिसते, नाहीतर दोन ओळी गाईपर्यंत श्वासाने वाफ धरते. हेल्मेटच्या आत कडेला, हनुवटीखाली, बारीक एलईडी पट्टी बसवा, अगदी कमी उजेडाची, वर बटर पेपर लावून, म्हणजे डोळ्यात बिंदू चमकते आणि चेहरा सुटून दिसते. आणखी एक गोष्ट जी पाहणाऱ्याला कळत नाही पण खटकते: हेल्मेट घातल्यावर गायकाला बाहेरच्या स्पीकरचा प्लेबॅक नीट ऐकू येत नाही, ओठ थोडे मागे पडतात, मग एडिटवाला वाइड शॉट टाकून ते लपवते. कानात छोटा ब्लूटूथ घालायला द्या आणि गाणं थेट कानात सोडा, पण ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचते, तेवढं एडिटमध्ये सरकवून घ्या. स्लो मोशनमध्ये गाणारा शॉट हवा असेल तर सेकंदाला ५० फ्रेमवर शूट करा आणि गाणं दुप्पट स्पीडने वाजवा, मग २५ वर आणलं की ओठ बरोबर बसतात आणि अंग तरंगल्यासारखं दिसते. कमी गुरुत्वाकर्षण दाखवायला याच्यापेक्षा स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

सूटबद्दल कोणी तरी लिहिलं "चांदीच्या कागदात गुंडाळला भाऊ", त्याचं वाईट वाटून घेऊ नका पण कारण समजून घ्या. चमकणारा चंदेरी कपडा हिरव्या पडद्यासमोर उभा केला की पडद्याचा हिरवा रंग त्याच्यावर उमटते, मग हिरवा पडदा काढून टाकताना सॉफ्टवेअर त्याला पण पडदा समजते आणि खांद्याला भोकं पडतात, कडा लुकलुकतात. तुमच्या व्हिडिओत डाव्या खांद्याला तेच झालंय. मळकट, चमक नसलेला कपडा घ्या, वापरलेला, धूळ खाल्लेला. जुना दिसणारा सूट डोळा लवकर मान्य करते.

पुढची गोष्ट अंधाराची, आणि यावर मी जरा थांबणार आहे कारण "काही दिसलं नाही" या कमेंट तुमच्याकडे खूप आहेत आणि तुम्ही त्यांना "ब्राइटनेस वाढव भाऊ" असं उत्तर देऊन राहिले, ते थांबवा. तुमचा प्रेक्षक कोण आहे पहा. तो दुपारी धानाच्या बांधावर नाहीतर एसटी स्टँडवर उभा राहून फोन पाहून राहिला, वरून ऊन, स्क्रीनला ओरखडे, नेट कमी म्हणून व्हिडिओ २४० नाहीतर ३६० वर आपोआप उतरलेला. अशा वेळी काळ्या आकाशाचं काय होते? दाबून लहान केलेल्या व्हिडिओत सगळ्यात आधी अंधाराचाच बळी जाते, काळ्या निळ्या छटा एकमेकात मिसळून चौकोन चौकोन दिसतात, तारे तर पुसूनच जातात. तुम्ही ग्रेडिंग, म्हणजे रंग-उजेडाचं काम, रात्री खोलीत लाइट बंद करून मोठ्या मॉनिटरवर केली असणार, तिथे ते देखणं दिसलं असेल यात शंका नाही. पण काळं म्हणजे पूर्ण काळं ठेवू नका, थोडं उचला, चेहऱ्यावरचा उजेड बाकी फ्रेमच्या मानाने चांगला वर ठेवा, अगदी बारीक ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, टाका म्हणजे पट्टे पडत नाहीत. आणि अपलोड करताना शूट एचडी असलं तरी एक्सपोर्ट फोरके करून टाका, यूट्यूब मोठ्या साइजच्या व्हिडिओला चांगलं कॉम्प्रेशन देते. टाकायच्या आधी फायनल कॉपी एखाद्या स्वस्तातल्या फोनवर, दुपारी, उन्हात उभं राहून पाहा. मी प्रत्येक व्हिडिओ असाच पास करतो.

आवाजाचंही तेच. "गाण्यात दम नाही वाटला" लिहिणारे बहुतेक फोनच्या स्पीकरवर ऐकून राहिले. फोनच्या बोटभर स्पीकरमधून बेस गिटारचे खालचे सूर निघतच नाहीत, आणि तुमच्या गाण्याचा अर्धा जोर बेसमध्ये आहे. मिक्सवाल्याला सांगून बेसवर थोडं सॅच्युरेशन घ्या, म्हणजे आवाज जरासा खरखरीत करा, त्याने त्याच सुराचे वरचे सूर (हार्मोनिक्स) तयार होतात आणि लहान स्पीकरवरही कानाला बेस असल्याचं कळते.

"समजलं नाही" वाल्यांचं दुसरं एक कारण आहे. पहिल्या तीस-चाळीस सेकंदात तुम्ही पाच गोष्टी दाखवल्या: यान, दोन सूर्य, रोबोट बाई, एक चमकणारा दगड, आणि मधेच गावातली शाळा. झाडीपट्टीत रात्रभर नाटक चालते, धानाचा हंगाम आटोपल्यावर शेतात खड्डा खोदून बसायची जागा करतात आणि निघालेल्या मातीचा स्टेज होते, तिथे समोर म्हातारी बाई पण असते आणि मांडीवर लेकरू पण असते, आणि ते लोक स्टेजवर देव उतरलेला मान्य करतात, मेलेला माणूस उठलेला मान्य करतात, काही म्हणजे काही मान्य करतात, फक्त पहिल्या प्रवेशात त्यांना समजलं पाहिजे की दुःख कोणाचं आहे. तुमच्या अंतराळवीराचं दुःख मला तिसऱ्या वेळी पाहिल्यावर समजलं, की तो पाणी शोधायला आलाय आणि तो ग्रह म्हणजे आपलाच गाव आहे पुढच्या काळातला. एवढी जबरदस्त गोष्ट! आणि ती कळायला फक्त एक शॉट पाहिजे होता, त्याच्या हातात रिकामी बाटली नाहीतर कमरेला बांधलेली घरची चरवी, सुरुवातीलाच. मग यान कुठून आलं, कोणत्या इंधनावर चालते, हे एकही माणूस विचारत नाही.

आता दोन सूर्यांवर येतो, कारण यावर एका पोराने लांबलचक कमेंट लिहिली आणि तुमच्या ड्रमवाल्याने त्याला "जास्त शहाणपणा करू नको" असं उत्तर दिलं. ते उत्तर आजच्या आज काढा. त्या पोराने लिहिलं की आकाशात दोन सूर्य आहेत तर सावली एकच कशी. बरोबर लिहिलं! दोन उजेड असले की दोन सावल्या पडतात, आणि जिथे दोन्ही सावल्या एकमेकीवर येतात तेवढीच जागा जास्त गडद दिसते. तुम्ही तलावाच्या भेगाळलेल्या गाळावर दुपारी एका सूर्यात शूट केलं आणि दुसरा सूर्य नंतर आकाशात चिकटवला, त्यामुळे जमिनीवर सावली एकच राहिली. हे पाहायला त्या पोराने व्हिडिओ थांबवला असणार, झूम केला असणार, पायाकडे पाहिलं असणार. एवढं मन लावून पाहणारा फॅन कोणत्या बँडला मिळते? त्याला लिहा की बरोबर पकडलं, पुढच्या भागात दुसरी सावली येणार. आणि खरंच आणा. ढगाळ दिवस निवडला तर सावलीच पुसट पडते आणि मग एडिटमध्ये दोन्ही टाकता येतात, नाहीतर सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटं जो सपाट उजेड असते त्यात शूट करून दोन लाइट दोन बाजूंनी मारा, एक पिवळा, एक जरासा निळा. दोन रंगाच्या दोन सावल्या पाहून तोच पोरगा तुमचा व्हिडिओ साऱ्या शाळेला दाखवेल.

"अंतराळात आवाज येत नाही मग गिटार कशी वाजते" असंही एकाने लिहिलंय. हवा नाही तिथे आवाज जात नाही हे खरं, पण तुमच्या ग्रहावर धूळ उडून राहिली म्हणजे हवा आहे असं धरता येते, म्हणजे गिटार वाजू शकते, आणि गंमत म्हणजे हे उत्तर तुमच्याच दुसऱ्या एका फॅनने खाली देऊन टाकलंय. फॅन जेव्हा आपसात असे वाद घालतात तेव्हा बँडने मधे पडायचं नाही. स्टोरीचा अर्थ काय, रोबोट बाई म्हणजे आई आहे की धरती आहे, यावर जे धागे चालू आहेत त्यात तुम्ही एकही शब्द लिहू नका. तुमच्या गीतकाराने "खरा अर्थ असा आहे" म्हणून जी पिन केलेली कमेंट टाकलीय ती अनपिन करा, तिच्यानंतर तो वाद थंडच पडला, तारखा लावून पहा.

कॉपीचा आरोप. यावर मी जास्त लिहित नाही, कारण तुमच्या व्हिडिओत उचलेगिरी मला दिसली नाही, हेल्मेट आणि वाळवंट कोणाच्या मालकीचं नाही. फक्त एवढं की उसनं घेतलं तर उघडपणे घ्यावं. अमेरिकेच्या स्मॅशिंग पंपकिन्स बँडने १९९६ मध्ये "टुनाइट, टुनाइट"चा व्हिडिओ केला तो पूर्णच जॉर्ज मेलिएसच्या १९०२ सालच्या चंद्रावर जायच्या मूकपटावर उभा केलेला आहे, रंगवलेले पडदे, कागदी चंद्र, छत्रीच्या फटक्याने उडणारे चंद्रावरचे लोक, आणि शेवटी समुद्रातून वाचवायला जी बोट येते तिच्यावर मेलिएसचंच नाव लिहिलेलं आहे. त्या वर्षीच्या एमटीव्हीच्या समारंभात त्या व्हिडिओला सहा अवॉर्ड मिळाले. तुम्हाला ज्या सिनेमाने वेड लावलं त्याचं नाव तुमच्या यानाच्या पत्र्यावर लिहा, फॅन शोधून काढतील आणि खूश होतील.

आणि आता ती "विदर्भात स्पेस कायले" वाली कमेंट. खरं सांगतो, सगळ्या कमेंटमध्ये मला याच एका कमेंटचा राग आला, कारण लिहिणारा आपल्याच भागातला आहे. बाप्पा, २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ विसरले का? गुढीपाडवा होता, अंधार पडला होता, आणि आकाशातून पेटते पट्टे गेले, साऱ्या विदर्भाने पाहिले, पोट्ट्यांनी फोनवर शूट केले. आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची माणसापेक्षा मोठी रिंग येऊन पडली, आजूबाजूच्या गावात धातूचे गोळे सापडले. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचे ते तुकडे, असं अंतराळाच्या अभ्यासकांनी सांगितलं, इस्रोचे लोक येऊन पाहून गेले. त्या रात्री व्हॉट्सॲपवर कोणी म्हणे विमान पडलं, कोणी म्हणे उल्का, कोणी म्हणे एलियन, आणि दुसऱ्या दिवशी लोक पाहायला गेले. म्हणजे अंतराळ आपल्याकडे स्वतः चालून आलं आणि धानाच्या गावात उतरलं. इकडे बुलढाण्यात लोणार आहे, उल्का आदळून काळ्या पाषाणात झालेलं जवळपास १.८ किलोमीटरचं विवर, २०२० च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे. आणि लोक विचारतात स्पेस कायले! तुम्ही पुढच्या भागात ती पडलेली रिंग घ्या. गावातल्या लेकराला शेतात रिंग सापडते, तो तिच्यातून आरपार पाहते, आणि पलीकडे तुमचा गायक उभा. रिंग फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याची बनवून घेता येते, काळा आणि तपकिरी रंग मारून जळल्यासारखी करायची. फक्त लोणारला परस्पर ड्रोन घेऊन जाऊ नका, ते अभयारण्य आहे, वन विभागाची परवानगी लागते. कोळसा खाणीच्या ओबीचे, म्हणजे खोदून बाहेर टाकलेल्या मातीचे, काळे डोंगर पण परग्रहासारखे दिसतात, पण तिथेही परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही, ती माती ढासळते, त्यात माणसं गेलेली आहेत.

जुने फॅन राहिले. "आधीचं साधं गाणं बरं होतं" लिहिणाऱ्यांशी भांडू नका, हे तुमचे पहिले लोक आहेत, मंडईच्या जत्रेत आणि शारदा उत्सवात समोर सतरंजीवर बसून ज्यांनी तुम्हाला ऐकलं ते हेच. त्यांना भीती वाटून राहिली की हे पोट्टे आता आपले राहिले नाहीत. त्यांच्यासाठी हेच गाणं एक गिटार आणि आवाज, एवढ्यावर रेकॉर्ड करा, भाऊने तोच सूट घालायचा पण हेल्मेट बाजूला जमिनीवर ठेवायचं, एकच शॉट, कट नाही, त्याच तलावाच्या गाळावर बसून. एका संध्याकाळचं काम आहे.

आणि तुमच्या कमेंटमधलं खरं सोनं तुम्ही पाहिलंच नाही, तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखही नाही. धृपदाच्या आधी भाऊ दोन बोटांनी हेल्मेटवर ठोकते, टक टक, आणि मग गिटार फुटते. कमेंटमध्ये ठिकठिकाणी लोकांनी नुसतं "टक टक" लिहून सोडलंय. एका पोट्ट्याने मोटरसायकलच्या हेल्मेटवर ठोकून रील टाकलं, एकीने स्वयंपाकघरात गंजावर, म्हणजे भांड्यावर, ठोकून टाकलं, तिच्या मागे तिची आजी हसून राहिली. यांना लाइक पण केलं नाही तुम्ही!

क्वीन बँडचं "रेडिओ गा गा" १९८४ चं. त्याच्या व्हिडिओत १९२७ च्या "मेट्रोपोलिस" या जर्मन मूकपटाचे तुकडे वापरलेले आहेत, भविष्यातलं शहर, यंत्रं, आणि बँडसमोर रांगेत उभे असलेले लोक धृपदाला हात डोक्यावर नेऊन दोनदा टाळी वाजवतात. त्या रांगेत उभे असलेले लोक क्वीनच्या फॅन क्लबचेच बोलावलेले होते. पुढच्या वर्षी १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर लाइव्ह एडचा कार्यक्रम झाला, सत्तर हजारांवर लोक, क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने हे गाणं सुरू केलं आणि धृपद येताच साऱ्या मैदानाचे हात एकदम वर जाऊन दोन टाळ्या पडल्या. व्हिडिओ पाहून पाहून लोकांच्या अंगात ती टाळी बसली होती. सायन्स फिक्शनचा व्हिडिओ होता, पण फॅनने त्यातून स्वतःला करता येईल अशी एक गोष्ट उचलली आणि ती बँडला परत आणून दिली. तुमच्याकडे तीच गोष्ट तयार आहे. पुढच्या प्रोग्रामला त्या जागी ड्रमवाल्याने काहीच वाजवायचं नाही, गिटारवाल्याने तार दाबून धरायची, भाऊने माइक लोकांकडे करायचा आणि ते दोन ठोके लोकांना द्यायचे. पहिल्या वेळी कमी येतील, दुसऱ्या धृपदाला खुर्च्या वाजतील. आणि ती आजीवाली, हेल्मेटवाला, यांना पुढच्या व्हिडिओत बोलावून घ्या, परग्रहावरचे गावकरी म्हणून.

राहिलं आताच्या व्हिडिओचं काय करायचं. यूट्यूबवर त्याच लिंकवर फाइल बदलता येत नाही, यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये तुकडा कापण्यासारखे थोडेफार बदल करता येतात, आणि तुमच्या व्हिडिओतून काही कापायची गरज नाही. तो आहे तसाच राहू द्या, व्ह्यू, कमेंट, वाद सगळं त्याच्यावरच साठू द्या. डिसलाइकचा आकडा २०२१ च्या नोव्हेंबरपासून लोकांना दिसत नाही, तो फक्त तुम्हाला दिसते, त्याच्याकडे पाहून रात्री खराब करू नका, त्यापेक्षा ग्राफ पहा, तो जास्त खरं बोलते. वेगळा एक कट बनवा, "चेहरा कट" म्हणा नाहीतर जे वाटेल ते, ज्यात काच लावायच्या आधीचे जे टेक असतील ते वापरा. तुमच्या मेकिंगच्या क्लिपमध्ये भाऊ काच वर करून रिहर्सल करताना दिसला मला, ते टेक कॅमेऱ्यात असतीलच, आणि त्यात तो फायनलपेक्षा चांगला गातोय, मोकळा. उजेड वर उचला, बेसचं सांगितलं ते करा, आणि नवीन लिंकवर टाका, जुन्याच्या खाली लिंक द्या.

फक्त रॉ फुटेज, म्हणजे शूटच्या मूळ फाइली, डिलीट करू नका. कार्ड रिकामं करायच्या घाईत लोक हेच करतात. दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक भाऊच्या घरी, एक दुसऱ्याच्या घरी. रिहर्सलचे टेक मिळाले की मला पाठवा, रंग मी लावून देतो, त्याचे पैसे नकोत.